परत आलेला माल

"खाली ठेव. टेबलावर नको."

मॅनेजरसाहेबांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मी पिशवी जमिनीवर ठेवली आणि तिच्यातून कुकर काढला. झाकण मधोमध वाकलेलं. हँडल तुटलेलं. आतून डाळ चिकटून वाळली होती, तिची पिवळी पापडी झाली होती. मी ती धुतली नव्हती. हॉस्पिटलमधल्या वॉर्डबॉयने सांगितलं होतं, असली वस्तू धुवायची नसते, आहे तशी दाखवायची.

"काय आहे हे?"

"साहेब, दिवाळीला कंपनीने दिलेला कुकर. सोमवारी सकाळी फुटला. झाकण आईच्या तोंडावर उडालं. तिचा उजवा डोळा..."



साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि बुटाच्या टोकाने त्यांनी कुकर उलटा केला. हात लावला नाही.

"विकत घेतला होतास?"

"नाही साहेब. भेट होती."

"मग? धर्माची गाय आणि दात का गं नाय?"

शेजारच्या टेबलावरचा क्लार्क खो खो हसला. साहेबही हसले.

"तुमच्या घरात याआधी कधी कुकर होता का? मिठागरातली ना तू? मडक्यात शिजवणारी माणसं तुम्ही. कुकर कशाशी खातात ते माहीत नाही आणि दोष कंपनीला."

मी मान खाली घालून उभी. माझ्या चपलांना चिखल होता. हॉस्पिटलमधून थेट आले होते. साहेबांनी तो चिखल पाहिला, मग शिपायाला हाक मारली आणि गोदामातून एक खोकं आणायला सांगितलं. नवा कुकर. चकचकीत खोकं, वर हसणाऱ्या बाईचं चित्र.

"घे. दुसरा घेऊन जा. आणि आईला सांग, शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा असतो."

आमच्याकडे गॅस नव्हता. रॉकेलचा स्टोव्ह होता. ते मी बोलले नाही. मी फुटका कुकर परत पिशवीत घातला, खोकं उचललं आणि म्हटलं, "थँक्यू साहेब."

थँक्यू म्हटलं मी. आईचा डोळा घेणाऱ्याला. हे एवढं कागदावर लिहायला मला किती वर्षं लागली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा. आमचं गाव वसईच्या खाडीकडचं. बाप मी लहान असताना गेला. आईने मिठागरात मिठाच्या टोपल्या वाहून मला दहावीपर्यंत शिकवलं. तिच्या तळपायांच्या भेगांत मीठ जायचं. ती संध्याकाळी पाय धुवायची तेव्हा दात आवळून धरायची. तिची एकच इच्छा होती, पोरीने मिठागरात पाय ठेवू नये. म्हणून मला वालीवच्या कारखान्यात काम लागलं तेव्हा तिने आळीत गूळखोबरं वाटलं. प्रेशर कुकर बनवणारी कंपनी. शंभरेक माणसं. आम्ही बायका पॅकिंगला. झाकणाला गॅस्केट बसवायची, शिट्टी लावायची, भांड्याच्या तळाला लॉटचा नंबर ठोकायचा, पुसायचं, खोक्यात भरायचं. कुकर मुंबईतल्या दुकानांत जायचे.

कंपनीत गेल्यावर मी पहिली गोष्ट कुठली शिकले असेन तर 'पाणी' म्हणायला. आमच्या घरात 'पानी' म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी पानी म्हटलं आणि पॅकिंगच्या टेबलावर सगळ्या हसल्या. त्यानंतर मी घरी एक बोलायचे आणि कंपनीत एक.

त्या वर्षी गणपतीच्या आधी दोन टेम्पो भरून माल परत आला. विकला न गेलेला नव्हे, विकून परत आलेला. काही खोकी उघडलेली, काही तशीच. मला, सुनंदाला आणि आणखी दोघींना सुपरवायझरने मागच्या शेडमध्ये नेलं. काम असं होतं: तळाचा जुना नंबर बफिंगवाला घासून काढणार, आम्ही त्या जागी नवा नंबर ठोकायचा आणि नव्या खोक्यात भरायचं.

"पॉलिशची तक्रार आहे," सुपरवायझर म्हणाला.

सुनंदा माझ्या कानाशी म्हणाली, "पॉलिश खराब तर पॉलिश करा की. नंबर कशाला पुसायचा?"

मी म्हटलं, "गप बस. आपल्याला काय करायचंय?"

माझं वाक्य. मीच म्हटलेलं.

आणखी एक गोष्ट. जुन्या खोक्यांवर कुणीतरी लाल खडूने इंग्रजीत लिहिलं होतं, 'व्हॉल्व्ह'. मी दहावी पास. मला वाचता येतं. झाकणावर शिट्टीच्या बाजूला एक छोटं बूच असतं, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीचं भोक डाळीने, भाताने तुंबलं आणि आत वाफ कोंडली की ते बूच वितळून वाफ बाहेर सोडतं. माणूस वाचावा म्हणूनच ते असतं. त्या लॉटमध्ये कुठून तरी स्वस्तात आणलेले व्हॉल्व्ह बसवले होते. ते वितळतच नव्हते. हे सगळं मला नंतर कळलं. पण खोक्यावरचा शब्द मी तेव्हाच वाचला होता. मला काहीच माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगितलं. ते पूर्ण खरं नाही.

दिवाळीला दर वर्षी मिठाईचा डबा मिळायचा. त्या वर्षी कुकर. साहेब स्वतः एकेकीच्या हातात देत होते. बायका खूश. मी तर हवेत. आईने कुकरला हळदकुंकू लावलं. महिनाभर तो फळीवरच होता, वापरायला तिचा जीव होईना. मीच मागे लागले. मीच तिला शिकवलं, पाणी किती, डाळ किती, शिट्टी कशी ठेवायची. कारखान्यातली मुलगी ना मी.

त्या सोमवारी मी केस विंचरत होते. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी होईना. आई बघायला वाकली. आवाज असा झाला की समोरच्या घरातली माणसं बाहेर पळाली. मी आत गेले तर आई भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांमधून डाळ आणि रक्त. ओरडली नाही ती. एवढंच म्हणाली, "बाय, स्टो बंद कर."

सरकारी दवाखान्यातून तिला मोठ्या हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तिथल्या डॉक्टरने तिसऱ्या दिवशी सांगितलं, डोळा राहणार नाही. त्याच दिवशी मी कंपनीत गेले होते. आणि नवं खोकं घेऊन परत आले.

आई घरी आल्यावर तिला खोकं दिसलं. पट्टीखाली अर्धं तोंड झाकलेलं. म्हणाली, "ते काय?"

"कंपनीने दुसरा दिला."

"घरात नको आनू. दारात ठेव."

मी दारात बसून खोकं उघडलं. कुकर उपडा केला. तळावरून बोट फिरवलं. नंबर पुसला की तिथे घासल्याचा खळगा राहतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. खळगा होता. नंबरातल्या पाचाचा खालचा बाक तुटका होता. आमच्या शेडमधल्या आकडे ठोकायच्या लोखंडी ठशांत पाचाचा ठसा तुटलेला होता, दुसरा कुणी आणून दिला नाही, म्हणून त्या शेडमधून गेलेला प्रत्येक पाच तसाच. हा कुकर त्याच लॉटमधला. एकीचा डोळा गेल्यावर साहेबांनी तिच्या घरी दुसराही तोच पाठवला होता.

मग मी आत गेले आणि फुटलेला कुकर पिशवीतून काढून पाहिला. खळगा. तुटका पाच.

मी आईला सगळं सांगितलं. परत आलेला माल. शेड. नंबर. लाल खडू. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुला ठावं व्हतं?"

"खोक्यावर लिहिलेलं वाचलं होतं."

"मंग वाचून काय केलंस?"

रागावून नाही विचारलं. खरंच विचारलं. जी बाई कधी शाळेत गेली नाही आणि जिने वाहिलेल्या मिठावर मी वाचायला शिकले, ती मला विचारत होती, वाचून काय केलंस. यापेक्षा कडक प्रश्न मला आजवर कुठल्या वकिलाने विचारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते खोकं मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. बरोब्बर मधोमध, त्यांच्या कागदांवर.

"साहेब, हा त्याच लॉटमधला आहे. नंबर मीच ठोकलाय."

क्लार्क हसला नाही. साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाले, "बस ना. बस, उभी का?"

तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्या खोलीत खुर्ची मिळाली. आवाज एकदम मऊ. आईला चांगल्या खाजगी डॉक्टरकडे दाखवू म्हणाले. काचेचा डोळा बसवून देऊ, हुबेहूब दिसतो म्हणाले. मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला आणि स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून माझ्यापुढे सरकवला. कुकर चुकीच्या पद्धतीने वापरल्यामुळे आमच्या हातून अपघात झाला, कंपनीबद्दल आमची काही तक्रार नाही. खाली माझी सही, आईचा अंगठा.

पेन उघडून त्यांनी माझ्याकडे धरलं होतं. मी ते घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"आईला सही करता येते साहेब. पण ती करणार नाही. मीही नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"तेच सांगायला आले होते."

हे मी शूरपणाने बोलले असं कुणाला वाटेल. गेटबाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकले.

चर्चच्या आवारातल्या एका खोलीत परेरासर दर रविवारी बसायचे. शाळेतून निवृत्त झालेले. सकाळची प्रार्थना, मिस्सा, संपली की खोली उघडायची. वजनात मारलेलं, खराब निघालेलं, फसवून विकलेलं, असल्या तक्रारी लोक घेऊन यायचे आणि सर त्यांना अर्ज लिहून द्यायचे. चर्चला न जाणारेही यायचे. मी पिशवी घेऊन गेले. सरांनी स्वतः टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि कुकर वर ठेवून घेतला. त्या एवढ्याशा गोष्टीने मला रडू आलं.

सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पावती आहे?"

"भेट होती सर. पावती कुठली?"

सरांनी वाकलेलं झाकण हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "अवघड आहे. पण करू."

आमचा जिल्हा ठाणे. ग्राहक मंच ठाण्याला. वसईहून तिथे जाऊन यायला दिवस मोडायचा. मी तोवर एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला लागले होते. तारीख आली की ते काम बुडायचं. आणि मंचात गेलं की कंपनीचा वकील पुढची तारीख मागायचा. आज कागद आणले नाहीत. आज साहेब आजारी. आज वकीलच दुसऱ्या कोर्टात. आई बाकावर पदराने डोळा झाकून बसायची. सहा वेळा गेलो, तेव्हा कुठे कंपनीचं लेखी उत्तर आलं.

त्यात लिहिलं होतं: सदर कुकर आमच्या पॅकिंग विभागातील कामगारांना दिवाळीनिमित्त सप्रेम भेट म्हणून देण्यात आला. त्याची किंमत घेतलेली नाही. सबब अर्जदार ही कायद्याने ग्राहक नाही.

ग्राहक नाही. सरांनी मला समजावून सांगितलं. ज्याने मोल देऊन वस्तू घेतली तो ग्राहक. फुकट मिळालेल्या वस्तूने डोळा गेला तर तो डोळा या कायद्यात बसत नाही. कामगार कोर्टात जावं, तर तिथे म्हणणार, अपघात कामावर झाला नाही आणि आई कामगार नाही. दिवाणी दावा लावावा, तर वकील कुठून आणायचा आणि किती वर्षं. एका दारातून दुसऱ्या दारात. आईचा डोळा कुठल्याच दारातून आत जाईना.

तरी मंचाने आईचं म्हणणं ऐकून घेतलं. कंपनीच्या वकिलाने तिला विचारलं, "कुकरमध्ये पाणी होतं का?"

"व्हतं साहेब. पानी मोजून घातलं व्हतं."

"काय घातलं होतं?"

"पानी."

"पानी की पाणी? नीट सांगा बाई, रेकॉर्डवर जातंय."

मागच्या बाकांवर लोक हसले. अध्यक्षांनी हसू दाबलं, मी पाहिलं. आई गोंधळली. तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलं, पाणी घालायचंच नव्हतं की काय. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवली. वकील म्हणाला, पाहा, या बाईंना पाण्याबद्दलच खात्री नाही.

परतताना ती म्हणाली, "बाय, मना नको आनू आता हित."

त्या दिवसापासून मी कुठेही 'पाणी' म्हणायचं सोडलं. शिंप्याकडे, सरांकडे, बाजारात. पानी तर पानी. ज्याला हसायचं त्याने हसावं.

निकाल लागला. अर्ज फेटाळण्यात येत आहे. कारण एका ओळीचं. कुकर खराब होता की नव्हता यावर एक अक्षर नाही. तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही.

सरांना वाटलं मी आता येणार नाही. पुढच्या रविवारी मी गेले. खोली झाडली. आलेल्या लोकांचे कागद लावून दिले. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. घरी बसले की आईचा प्रश्न ऐकू यायचा, म्हणून जायचे. अर्ज लिहायला शिकले. कायद्याचं पुस्तक सर वाचून दाखवायचे, मग मीच वाचायला लागले. त्यात एक कलम सापडलं, धोकादायक माल विक्रीतून मागे घ्यायचा हुकूम मंच देऊ शकतो. मी ते चार वेळा वाचलं. म्हणजे कायद्याला हे सुचलेलं आहे. कुणी मागायचं तेवढं बाकी आहे.

वर्षभराने एका रविवारी बोळिंजहून एक बाई आल्या. कदमवहिनी. मूळच्या कोकणातल्या, नवरा मुंबईला नोकरीला, नव्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट. मानेपासून उजव्या दंडापर्यंत कातडी भाजून आखडलेली. विरारला एका हॉलमध्ये भांड्यांचा सेल लागला होता, तिथून कुकर घेतला होता. त्यांच्याकडे पावती होती. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून ठेवलेली.

सर त्यांच्याशी बोलत होते. मी कुकर उपडा केला आणि तळावरून बोट फिरवलं.

खळगा. तुटका पाच.

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. गप्प राहिले असते तर त्या बाईंना कधी कळलंही नसतं. पण एकदा गप्प बसून झालं होतं माझं.

"वहिनी, हा नंबर मी ठोकलाय."

त्यांना आधी समजेना. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे तुला माहीत होतं? तू तुझ्या हाताने हे खोक्यात भरलंस आणि मी ते पोरांच्या घरात आणलं?" त्या उठून उभ्या राहिल्या. "माझी धाकटी ओट्याजवळ खेळत होती गं. एक पाऊल इकडे असती तर? आणि तू इथे समाजसेवा करत बसलीस?"

त्या रागाला तोंड द्यायला दुसरं कुणी तिथे नव्हतं. मॅनेजर नव्हता, कंपनीचा शेठ नव्हता. मी होते. मी ऐकून घेतलं. त्यांचं बोलून संपल्यावर म्हटलं, "तुमच्या केसमध्ये मला साक्षीला बोलवा. मी जे तुम्हाला सांगितलं तेच तिथे सांगेन. माझ्या चुकीसकट."

त्या तशाच निघून गेल्या. दोन रविवार आल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी नवऱ्याला घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता सरांना म्हणाल्या, "हिला साक्षीला घ्या."

पुन्हा ठाणे. पुन्हा तोच वकील. कंपनीने प्रतिज्ञापत्र दिलं होतं, त्या लॉटचा सगळा माल परत घेऊन भंगारात काढण्यात आला, बाजारात एकही नग नाही, अर्जदार बाईंचा कुकर बनावट असावा. सरांनी या वेळी भांडून झाकण प्रयोगशाळेत पाठवायला लावलं होतं. अहवाल आला होता, व्हॉल्व्हमधला धातू वितळायला हवा त्या उष्णतेला वितळत नाही. म्हणजे कुकर सदोष. वाद उरला एवढाच, तो कंपनीचा की बनावट.

मी उभी राहिले. मागची शेड, टेम्पो, घासलेले नंबर, लाल खडू, सगळं सांगितलं. मी वाचलं होतं आणि गप्प राहिले होते, हेही सांगितलं. अध्यक्षांना म्हटलं, तळावरून बोट फिरवून पाहा. त्यांनी फिरवलं. शेजारच्या बाई सदस्यांनीही फिरवलं. पाचाचा बाक दाखवला.

वकील उठला. "ही बाई आमच्या अशिलाच्या कंपनीत कधीच कामाला नव्हती. हजेरीत नाव नाही. पगारपत्रकात नाव नाही. कुणीतरी पढवून आणलेली साक्षीदार आहे."

खरंच नव्हतं नाव. आम्ही बायका कधी कुठल्या कागदावर नव्हतोच. तीन वर्षं मी तिथे होते आणि कागदाच्या हिशेबी नव्हते.

परेरासर हळूच उठले. पिशवीतून एक कागद काढला. माझ्या केसमधलं कंपनीचं लेखी उत्तर. याच वकिलाची सही.

सरांनी शाळेत धडा वाचतात तसं वाचलं. "सदर कुकर आमच्या पॅकिंग विभागातील कामगारांना दिवाळीनिमित्त सप्रेम भेट म्हणून देण्यात आला." मग कागद पुढे दिला. "अर्जदार म्हणजे हीच मुलगी, साहेब. तिला ग्राहक नाही ठरवायचं होतं तेव्हा ती कामगार होती. आता साक्षीदार आहे म्हणून कामगार नाही. दोन्ही कागद एकाच कंपनीचे आहेत."

वकील काहीतरी बोलायला लागला. सदस्य बाई म्हणाल्या, "बसा तुम्ही."

कदमवहिनींचा अर्ज मंजूर झाला. भरपाई मिळाली. बाहेर जिन्यावर त्यांनी माझा हात धरला, मग सोडला. मी आईकडे पाहिलं. तीच 'मना नको आनू' म्हणाली होती, तरी त्या दिवशी आली होती. तिच्याच डोळ्याची केस ज्या कागदाने बुडाली, त्याच कागदावर दुसरीची केस तरली. तिला मी ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं तिचं." मग विचारलं, "आपला डोला कुठं लिहिलाय का त्यात?"

नव्हता लिहिलेला.

आणि दुसरंही काही नव्हतं. आम्ही अर्जात मागितलं होतं, त्या लॉटचा उरलेला माल मागे घ्यायचा हुकूम द्या. निकालात त्यावर दोन ओळी. माल आधीच भंगारात काढल्याचं कंपनीचं प्रतिज्ञापत्र आहे, सबब वेगळ्या हुकुमाची आवश्यकता नाही. भंगारात काढलेला एक कुकर मंचाच्या टेबलावर होता. त्यांनी स्वतः बोट फिरवलं होतं. तरी सबब आवश्यकता नाही.

मी ते वाचलं आणि पहिल्यांदा माझा संताप रडण्यात गेला नाही. दोन टेम्पो आले होते. माझ्या टेबलावरून किती गेले ते मी मोजले नव्हते. सेलमध्ये गेले, आठवड्याच्या बाजारात गेले, कामगारांच्या घरी गेले. मुंबईच्या दुकानांना परत करता आला तो माल. तिथल्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी लागते. तोच माल आमच्याकडे पाठवला. का? आम्ही तक्रार करणार नाही म्हणून. केली तर आम्हाला बोलता येणार नाही म्हणून. बोललो तर आमच्या बोलण्याला हसता येतं म्हणून.

आधी सुनंदाकडे गेले. तिचा कुकर अजून चालू होता. ती ऐकून म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." म्हटलं, "हो. आणि मी तुला गप्प केलं होतं." तिने माझ्यासमोर झाकण काढून दिलं. मग पॅकिंगच्या बाकीच्या बायका. मग गावं. नायगाव, राजोडी, अर्नाळा. सुट्टीच्या दिवशी मी आणि आई जातो. दार वाजवतो. ताई, तुमचा कुकर जरा दाखवता का? सगळ्या दाखवत नाहीत. काही हाकलतात. चोर समजतात, दुसऱ्या कंपनीच्या एजंट समजतात. अर्नाळ्यात मासे सुकवणाऱ्या एका बाईच्या घरी तुटका पाच निघाला. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "झाकण घेऊन जातेस, मग नवा कुकर तू देनार?"

नाही देऊ शकत मी. तेच सांगितलं. टोपात शिजवा, वेळ लागेल, पण शिजवा. तिने कुकर माझ्या हातातून काढून घेतला आणि चुलीकडे वळली. तेव्हा आईने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाईने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग झाकण दिलं.

पण प्रत्येक दारात आईने तोंड का दाखवावं? हे काम तिचं नाही. माझंही नाही खरं तर. ज्याने माल बनवला त्याचं आहे, आणि ज्याच्या हातात हुकुमाचा कागद आहे त्याचं आहे. ते करणार नाहीत. कंपनी वालीवमध्ये अजून चालू आहे, नवं नाव लावून. मी त्यांच्या गेटवरून जाते तेव्हा वॉचमन मला ओळखतो आणि आत फोन लावतो. लावू दे.

मी परेरासरांना सांगून टाकलंय, वरच्या आयोगाकडे अर्ज करायचा. माल मागे घ्यायच्या हुकुमासाठी, फक्त तेवढ्यासाठी. सर म्हणाले, तू ग्राहक नाहीस, तुझा अर्ज पुन्हा बाहेर टाकतील. म्हटलं, टाकू देत. मग कदमवहिनींच्या नावाने करू. त्या नाही म्हणाल्या तर पावती असलेली तिसरी शोधू. तिसरी मिळेपर्यंत दारं वाजवत राहू. जमवलेली झाकणं आमच्या घरात फळीखाली पोत्यात आहेत. ती मी भंगारात देणार नाही. ज्या दिवशी आयोगापुढे उभी राहीन त्या दिवशी ते पोतं बरोबर घेऊन जाणार आहे, आणि या वेळी कुणी सांगितलं खाली ठेव, तर ठेवणार नाही.